संगणकशास्त्राची तुकडी बंद करण्याआधी

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या तालुक्यात एक वाद चालू आहे. महाविद्यालयातल्या बीएस्सी संगणकशास्त्र आणि बीसीए या दोन्ही तुकड्यांचे प्रवेश घटले. तेव्हा त्या बंद कराव्यात आणि त्यांच्या जागी सहा-सहा महिन्यांचे कौशल्य अभ्यासक्रम काढावेत, असा विचार पुढे आला. ड्रोन फवारणी, मोबाइल दुरुस्ती, डेटा एंट्री असे. पालकांची सभा बोलावली गेली. एका बाजूचं म्हणणं, कोडिंग आता एआय करतं, आपली पोरं पुण्यात दहाबाय दहाच्या खोलीत चौघं राहून तुटपुंज्या पगारावर राबतात, मग हे शिकवणं म्हणजे फसवणूक. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आयटीशिवाय भविष्य नाही, अमक्याचा मुलगा अमेरिकेत गेला, तुकडी ठेवा. दोन तास हेच चाललं. मग मागच्या रांगेतले एक शेतकरी उठले आणि म्हणाले, "मले एकच सांगा जी सर, पोरगी कम्प्युटर शिकून वावरात काय करन?" सभेत हशा झाला. मला मात्र त्या दोन तासांतला तेवढाच एक नेमका प्रश्न वाटला. बाकी दोन्ही बाजू पगाराचीच पट्टी हातात घेऊन मोजत होत्या, फक्त एकीला ती लांब दिसत होती आणि दुसरीला आखूड. या माणसानं मोजायला वावर पुढे ठेवलं.

मी हा विषय शिकवतो, तासिका तत्त्वावर. तुकडी टिकली तर माझं काम टिकतं, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्यानं ते ध्यानात ठेवूनच माझं म्हणणं तपासावं. माझी भूमिका अशी: विदर्भातल्या तालुक्याच्या गावी संगणकशास्त्र शिकवलं गेलंच पाहिजे, आणि त्याचं पहिलं कारण नोकरी हे नाही. आज इथल्या शेतकऱ्याचा सातबारा, पीक विमा, कर्जमाफी, शिष्यवृत्ती, रेशन, पावसाची नोंद, सगळं कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या आत ठरतं. हे प्रोग्रॅम कसे विचार करतात, कुठे चुकतात, चुकले तर नेमका काय प्रश्न विचारायचा, हे कळणारी चार माणसं तालुक्यात नसतील, तर आपण कायम सेतू केंद्राच्या खिडकीबाहेर रांगेत उभे राहू.

विरोधकांचं म्हणणं हलकं नाही. उलट, ते जेवढं सांगतात त्याहून परिस्थिती वाईट आहे आणि ती मी रोज पाहतो. आमच्याकडे पहिला प्रोग्रॅम अजूनही टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर होतो. प्रोग्रॅम लिहायचं ते सॉफ्टवेअर विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातलं, १९९० च्या आसपासचं. सी प्लस प्लस ही भाषा प्रमाणित झाली १९९८ मध्ये, म्हणजे आपण मुलांना भाषेचं प्रमाण रूप ठरण्याआधीचं अवजार देतो आहोत. 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअर स्क्रीन' या त्या जुन्या अवजारातल्या ठरावीक ओळी पाठ करून गेलेला मुलगा पुण्यातल्या पहिल्याच मुलाखतीत अडखळतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो, याचं मला फार वाईट वाटतं. प्रॅक्टिकलला एका मशीनवर तिघं बसतात, त्यातला एक टाइप करतो आणि दोघं बघतात. वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या दोन मिनिटंही टिकत नाहीत. जर्नल एकाचं बघून पन्नास जण उतरवतात. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट मोठ्या शहरातल्या दुकानातून विकत येतो, 'लायब्ररी मॅनेजमेंट' नाहीतर 'हॉस्पिटल मॅनेजमेंट', आणि ज्याच्या नावावर तो जमा होतो त्याला व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, प्रोजेक्टमध्ये माहितीचे तक्ते (टेबल) किती आहेत तेही सांगता येत नाही. तुकडी विनाअनुदानित, त्यामुळे फी मुलांच्या खिशातून आणि शिकवणारा तासांच्या हिशोबावर. उन्हाळ्यात तासच नसतात, तेव्हा पैसेही नसतात. असा माणूस नवा विषय वाचायला वेळ कुठून काढणार? ज्या बापानं सोयाबीन विकून फी भरली त्याला तीन वर्षांनी कागद मिळतो आणि विद्या मिळत नाही. या सगळ्याला फसवणूक म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? खेड्यातल्या शाळांत गणित वाईट शिकवलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गणिताचा तास बंद करून मुलांना तराजू धरायला शिकवा, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. विषय वाईट शिकवला जातो, ही शिकवण्याविरुद्धची तक्रार आहे. तिचं उत्तर शिकवणं सुधारण्यात आहे. ती तक्रार उचलून विषयाच्याच गळ्यात बांधायची, ही या वादातली पहिली गफलत.

प्रवेश घटले, या मुद्द्यालाही एक दुसरी बाजू आहे आणि ती सभेत कोणी काढली नाही. २०२४-२५ पासून बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेलं आणि त्यासाठी राज्याची सीईटी आली. बारावीचा निकाल लागल्यावर गुणपत्रिका घेऊन कॉलेजात यायचं, हीच रीत ठाऊक असलेल्या मुलांना कळलं की प्रवेशाचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरायचा होता. त्यांतले काही बीएला गेले. जागा रिकामी राहिली म्हणजे मागणी नाही, असं म्हणण्याआधी दारातली नवी पायरी किती उंच झाली हेही बघायला नको का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 'कम्प्युटर शिकणं' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या गावागावांत माणसं माउस धरायला, मराठीत टाइप करायला, तक्ता आखायला शिकली. ते काम मोलाचंच होतं. पण त्यामुळे डोक्यात एक चित्र कायमचं बसलं की कम्प्युटर शिकणं म्हणजे तो वापरता येणं. संगणकशास्त्र वेगळी गोष्ट विचारतं. मतदार यादीत दहा लाख नावं आहेत, त्यातलं एक शोधायचं आहे. पहिल्यापासून बघत गेलात तर दहा लाख वेळा बघावं लागू शकतं. यादी अकारविल्हे लावून मधोमध उघडलीत, अर्धी टाकून दिलीत, उरलेलीची पुन्हा अर्धी केलीत, तर जास्तीत जास्त २० वेळा बघून नाव सापडतं. दहा लाख आणि वीस! हा फरक कुठल्याही कंपनीच्या मशीनमुळे पडत नाही, विचार करण्याच्या पद्धतीमुळे पडतो. तो मुलांना पहिल्यांदा कळतो तेव्हा वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी ही नोकरी सोडलेली नाही.

आणि या विचाराचा वावराशी संबंध काय? २०१७ चा जून आठवा. राज्यात कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन भरायचे होते. सेतूवर रात्री-रात्री रांगा लागल्या, अंगठे उमटेनात, नवरा-बायको दोघांनाही जावं लागलं. पुढे याद्या करायची वेळ आली तेव्हा बँकांकडून आलेल्या माहितीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली आणि काम अडकलं. गावात याची चर्चा 'सरकारनं फसवलं' किंवा 'सर्व्हर डाउन आहे' या दोनच वाक्यांत झाली. दुसऱ्या वर्षाला डेटाबेस, म्हणजे माहितीचे साठे कसे मांडायचे हे शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र यात एक तिसरी गोष्ट दिसायला हवी. १९७० मध्ये एडगर कॉड या गणितज्ञानं माहिती तक्त्यांत मांडायची जी पद्धत सांगितली, तिचा पायाच असा की तक्त्यातली प्रत्येक ओळ एका खुणेनं वेगळी ओळखता आली पाहिजे आणि ती खूण दोन ओळींना सारखी असता कामा नये. माहिती आत घेतानाच ही तपासणी केली असती, तर चूक महिन्यांनी यादीत निघण्याऐवजी भरतानाच दाराशी अडली असती. हे बोलणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असता, तर तहसीलवर गेलेल्या मोर्चाला नुसत्या घोषणेपेक्षा एक नेमकी मागणी हातात मिळाली असती.

नावांचा प्रश्न तर घराघरातला आहे. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. इंग्रजीत लिहिताना तलाठ्याकडे कोणी 'डी-एन-वाय'नं सुरू करतो, आधारच्या केंद्रावरचा मुलगा 'जी-वाय'नं, बँकेतला कारकून त्यातलं एखादं अक्षर गाळतो. माणूस एकच, वावर एकच, पण यंत्राच्या लेखी तीन माणसं. हप्ता जमा होत नाही आणि का होत नाही हे खिडकीवरचा सांगू शकत नाही, कारण त्यालाही ते दिसत नाही. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची रीत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. उच्चारावरून नावं जुळवायच्या एका पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८ सालचं आहे, पण ती पद्धत इंग्रजी कानांसाठी घडलेली. 'ज्ञ', 'ळ', 'ऱ्ह' यांचं तिला काय? मराठी नावांसाठी अशी पद्धत घडवायची तर मराठी नावं कशी बिघडतात हे माहीत असलेला माणूस लागेल. तो बंगळुरूच्या काचेच्या इमारतीत मिळण्यापेक्षा दिग्रस, मेहकर, नाहीतर आर्वीच्या कॉलेजात मिळण्याची शक्यता जास्त आहे.

आमच्या प्रदेशाचं नाव वऱ्हाड. हे नाव संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकीत 'ऱ्ह'साठी तीन सांकेतिक चिन्हं लागतात, दुसरीत न दिसणाऱ्या एका जोडचिन्हासह चार. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण एक लिहून शोधलं तर दुसरं सापडत नाही. मी हे वर्गात करून दाखवतो. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग एकेक चिन्ह सुटं करून मोजतात. आपल्याच मुलखाचं नाव यंत्रात दुभंगलेलं आहे हे पाहिल्यावर एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मग हे दुरुस्त कोण करते?" असा प्रश्न सहा महिन्यांच्या डेटा एंट्रीच्या वर्गात पडायला जागाच नसते.

पावसाचंही तसंच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. ही एक अट आहे, आणि प्रोग्रॅममध्ये ती जेमतेम एका ओळीची. पण पर्जन्यमापक मंडळात एका जागी असतो आणि ढगफुटी दुसऱ्या शिवारात होते. मापकात ६२ आले तर खरडून गेलेल्या वावराचं काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, मोबाइल कुठल्या जागी आहे तेही नोंदलं जातं. नाल्याकाठच्या वावरात रेंज नाही, मोबाइल जागा चुकीची दाखवतो, आणि पेरा असूनही नोंद होत नाही. एका नमुन्यावरून सबंध क्षेत्राचा अंदाज बांधताना किती चूक होऊ शकते, उपग्रहावरून कळलेल्या जागेत किती मीटरचा फरक पडू शकतो, हे सगळे संगणकशास्त्राचे आणि त्याच्या शेजारच्या सांख्यिकीचे प्रश्न आहेत. ते शेतीला लागून उभे आहेत. सभेतल्या त्या शेतकऱ्याला द्यायचं उत्तर खरं तर इथेच आहे. पोरगी वावरात नांगर धरणार नाही, पण वावराची जी दुसरी नोंद दूर कुठे तरी ठेवली जाते, ती बरोबर आहे की नाही हे तिला कळेल.

इतिहासात हे एकदा घडून गेलं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंगा पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर. रोखे हिसकावले, जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि ज्यातलं अक्षर आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाशी माणूस दुसरं काय करणार? १८७९ मध्ये कायदा झाला, त्यात असे दस्त गावपातळीवरच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत अशी तरतूद आली, म्हणजे कुळाला निदान काय लिहिलं ते कळावं. (वऱ्हाडचा कारभार तेव्हा वेगळा, निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या जिल्ह्यांचा, पण सावकाराची वही इकडेही तशीच होती.) पुढे १८८२ मध्ये जोतिराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा आक्षेप. वरच्यांना शिकवा, विद्या हळूहळू खाली झिरपेल, असा तेव्हाचा सिद्धांत होता. ती झिरपली नाही. आज तोच सिद्धांत नवे कपडे घालून आला आहे: संशोधन आयआयटीत होऊ द्या, एआय बंगळुरूत होऊ द्या, खेड्याला त्याचा वापर शिकवा. तेव्हा कुळाला अक्षर नको, अंगठा पुरे, असं वाटणारे लोक होते. आजच्या अंगठ्याखाली शाईऐवजी काच आहे, एवढाच बदल.

एआयचा मुद्दा मी टाळत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर माझ्या वर्गातलं वातावरण पालटलं, हे खरं आहे. दिलेला प्रोग्रॅम मुलं मोबाइलवरून दोन मिनिटांत आणतात आणि तो बहुतेक वेळा चालतोही. नवशिक्यांना कंपन्यांत जी किरकोळ कामं मिळायची त्यांतली बरीच यंत्र करू लागलं, हेही मान्य. पण कोड लिहिणारा माणूस आता संपला, ही घोषणा पहिल्यांदा होत नाही. १९५४ मध्ये आयबीएमच्या लोकांनी फोरट्रान भाषेचा आराखडा मांडला, तेव्हा त्यातच लिहिलं होतं की कोड लिहिणं आणि चुका शोधणं आता जवळपास नाहीसं होईल. फोरट्रान १९५७ मध्ये बाजारात आली. पाठोपाठ कोबोल आली, तिची रचना तर व्यवहारातल्या माणसाला वाचता यावी अशा इंग्रजी वाक्यांची. दोन्ही वेळा कष्टाचं काम यंत्राकडे गेलं, आणि काय करायचं हे नेमकं ठरवण्याचं काम माणसाकडे राहिलं, उलट वाढलं. या वेळीही तंतोतंत तसंच होईल, अशी हमी मी देत नाही. पण यंत्रानं लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? ६५ ची अट 'पेक्षा जास्त' अशी लिहिली की '६५ किंवा जास्त' अशी, या एका खुणेवर मंडळभराची मदत फिरते. ती खूण वाचता येणारा माणूस आता कमी लागेल, असं मानायला मला काही आधार दिसत नाही. शिवाय, एआयमुळे विषय निरुपयोगी झाला असेल तर तो सगळीकडेच झाला असेल. मग पुण्यातल्या, नागपुरातल्या नामांकित महाविद्यालयांनी संगणकाच्या तुकड्या बंद कराव्यात, असं कोणी का म्हणत नाही? तिथे जागा वाढवून मागतात. हा न्याय फक्त तालुक्याच्या मुलालाच का लागू?

कौशल्य अभ्यासक्रमांना माझा विरोध नाही, हेही स्पष्ट करतो. आयटीआय करून मोटार वाइंडिंग शिकलेला मुलगा हंगामात दिवसभर रिकामा बसत नाही, त्याचा मला आदर आहे. ड्रोननं फवारणी होत असेल तर फवारणाऱ्याच्या नाकातोंडात विष जाणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, त्यानंतर या तंत्राला कोणी नाव ठेवू नये. मी म्हणतो ते इतकंच की हे दोन्ही चालवा. ड्रोन उडवणारा हवा, तसा ड्रोननं काढलेल्या चित्रातून बोंडअळी कुठे आहे ते ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणाराही हवा. एकासाठी दुसऱ्याचा वर्ग बंद करायचा, ही अट कुठून आली?

नोकरीबद्दल सभेत बरंच बोलून झालं आहे, मी थोडक्यात बोलतो. मुलं पुण्याला जातात आणि जात राहतील. विदर्भाला हे नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस गाठी बांधून रेल्वेनं मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जायचा, कापड होऊन परत यायचा. जमशेदजी टाटांनी गिरणी काढायला नागपूर निवडलं तेव्हा जाणत्या लोकांनी वेड्यात काढलं होतं. गिरण्या मुंबईतच शोभतात, असा समज होता. त्यांनी कापूस कुठे पिकतो ते पाहिलं आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. तिनं हजारो हातांना काम दिलं. पुढे ती बंद पडली, आणि तो हिशोब मी लपवत नाही. पण पिकतं तिथेच घडवता येतं, हे तिनं दाखवून दिलं. आज इथे कापसाबरोबर माहितीही पिकते. मातीच्या तपासण्या, बाजार समितीचे भाव, दवाखान्यांच्या नोंदी. ती कच्ची बाहेर जाते आणि तयार ॲप होऊन परत येते, ज्यात आपल्या तालुक्यातल्या निम्म्या गावांची नावं चुकलेली असतात.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावातून विलायतेला जाऊन डॉक्टरेट घेऊन आलेल्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणब्याच्या पोराला कॉलेज कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. त्या पोरांना शेतीचाच एखादा सहा महिन्यांचा वर्ग द्यावा, असं त्यांनी ठरवलं असतं तर आज माझ्यासारखा माणूस हा लेख लिहायला बसला नसता.

तुकडी ठेवायची तर काय बदलायचं, हे सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. टर्बो सी उद्याच काढता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, नवी साधनं फुकट मिळतात आणि जुन्या मशीनवरही चालतात. अडचण फक्त प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच पडद्यावर व्हायची सवय पडली आहे, एवढीच. शिक्षकांची पदं भरणं हे सरकारचं आणि संस्थांचं काम आहे. ते टाळून केलेली कुठलीही सुधारणा दोन वर्षांवर टिकणार नाही. मुलींसाठी एक आधार नव्यानं आला आहे: २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. गावोगाव जाऊन हे कोणी तरी सांगायला हवं, तेही सीईटीचे फॉर्म निघण्याआधी.

भाषेवर मात्र मला थांबावंसं वाटतं. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी आहे, पण प्रश्न परवानगीचा नाही, सवयीचा आहे. पुस्तक इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी, आणि मूल डोक्यातल्या डोक्यात भाषांतर करता करता मूळ गोष्ट हरवून बसतं. पॉइंटर, म्हणजे संगणकात माहिती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता, हा सी भाषेतला विषय, ज्याला बहुतेक जण घाबरतात. मी वर्षानुवर्षं तो इंग्रजी व्याख्येतून शिकवला आणि चेहरे कोरेच राहिले. एकदा सहज म्हणालो, "गट नंबर म्हणजे वावर नव्हे, वावराचा पत्ता. सातबाऱ्यावर गट नंबर बदलला म्हणून वावर उठून दुसरीकडे जात नाही. पण चुकीच्या गट नंबरवर नांगर घातला तर शेजाऱ्याचं पीक जातं." त्या दिवशी मागच्या बाकावरून पहिल्यांदा प्रश्न आले. पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू द्या, पॉइंटरला पॉइंटरच म्हणा, पण समजावणं इथल्या बोलीत झालं पाहिजे. हे शिक्षकाच्या हातात आहे, त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

आणि विकतचे प्रोजेक्ट. यंदा मी माझ्या वर्गाला सांगितलं, लायब्ररी नको, हॉस्पिटल नको, आपल्या घरातली एक अडलेली गोष्ट आणा. पहिला आठवडा कोणी काही आणलं नाही. मग एकेक येऊ लागलं: दूध संकलनाच्या फॅटचा हिशोब, एसटीच्या वेळा, बचत गटाच्या वहीतलं व्याज. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या शेतकऱ्याची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं वडिलांचे तीन कागद आणले, सातबारा, आधार आणि पासबुक. तिन्हींवर नाव वेगळं लिहिलेलं.

अक्षरांमधला फरक मोजणारा प्रोग्रॅम तिनं महिनाभर बसून लिहिला. सुरुवातीला यंत्राकडून लिहून घेतला होता, तो मराठी जोडाक्षरांवर चुकत होता, म्हणून मग स्वतः लिहिला. प्रोग्रॅम चालला त्या दिवशी तिनं वडिलांना प्रयोगशाळेत बोलावलं. ते चपला बाहेर काढून आत आले, काढू नका म्हटलं तरी. आधार आणि पासबुकावरची इंग्रजी नावं तिनं टाकली, आणि पडद्यावर आकडा आला २. त्यांनी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिलं.

"मंग या दोन अक्षरापायी माहे पैसे अडकले होते काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं शेजारची खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि पहिल्या अक्षरापासून सांगायला सुरुवात केली.